वाघ्याच्या गुडघ्यातला दोर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्याकडे वाघ्या नावाचा सात वर्षांचा लॅब्राडॉर आहे, वजन ४१ किलो. मुलानं पिल्लू म्हणून आणला. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि वाघ्या ताईंच्या पायाशी राहिला. दोन महिन्यांपूर्वी परसातल्या फणसावर माकडं आली. त्यांच्यामागे धावताना वाघ्या ओल्या फरशीवर घसरला, केकाटला आणि तेव्हापासून मागचा उजवा पाय उचलून धरतो. गावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. बेळगावला दाखवलं तेव्हा कळलं की गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, तुटलंय. हाड कापून प्लेट बसवावी लागेल, खर्च लाखाच्या घरात. डॉक्टर अर्धं कानडीत, अर्धं इंग्रजीत बोलले. पुन्हा विचारायचा ताईंना संकोच वाटला.

घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, मागच्या वर्षी मनी माळ्यावरून पडून लंगडत होती, ती आपोआप बरी झाली, मग कुत्रा का नाही होणार? यजमान म्हणतात, उसाचं बिल अजून हातात नाही आणि कुत्र्यावर लाख रुपये? शेजारी हाडवैद्याचं नाव सुचवतात. पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे: 'मला रात्री झोप लागत नाही, कारण त्या दिवशी अंगण मीच धुतलं होतं.'

ताई, ते शेवटचं वाक्यच आधी घेते. अंगण धुतलं म्हणून वाघ्याचा पाय गेला, हे मनातून काढून टाका. माणसाचं लिगामेंट कसं जातं ते आपण कबड्डीच्या मैदानावर पाहिलेलं असतं. तरणाबांड गडी चढाईला जातो, पाय मुरगळतो आणि गुडघ्यात कटकन आवाज येतो. कुत्र्याचं सहसा असं होत नाही. कप्पीवर घासून घासून विहिरीच्या दोराचा एकेक पेड तुटत जावा, तसे त्याच्या लिगामेंटचे धागे कित्येक महिने आतल्या आत झिजत असतात. शेवटचा पेड तुटतो त्या दिवशी कुणीतरी अंगण धुतलेलं असतं, कुणीतरी फाटक उघडं टाकलेलं असतं, आणि तेवढंच आपल्या लक्षात राहतं. जरा आठवून पाहा. त्याआधीही वाघ्या सकाळी उठताना आखडल्यासारखा चालायचा का? बसताना एक पाय बाजूला फेकून बसायला लागला होता का? मी हे विचारते तेव्हा बहुतेक घरांतून थोडं थांबून 'हो' असं उत्तर येतं.

हे मी नुसतं तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. हा अपघात असता तर एक पाय दुरुस्त केला की विषय मिटला असता. झिजेचा आजार असल्यामुळे ज्यांचा एक गुडघा जातो, त्यांतल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसराही पुढं कधीतरी जातो. त्यामुळे पैशाचा, वजनाचा आणि घरातल्या फरशीचा विचार दोन्ही पाय धरून करायला हवा. लॅब्राडॉर आणि रॉटवायलर या जातींत हे दुखणं जास्त दिसतं. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली मुधोळची कुत्री घ्या, सडपातळ, लांब पायांची, धावायसाठीच जन्मलेली. तसल्या अंगकाठीच्या कुत्र्यांत ते क्वचितच होतं.

आता बेळगावचे डॉक्टर काय म्हणाले असतील ते आपल्या भाषेत सांगते. कुत्र्याच्या मागच्या पायाला मागं टोक काढलेला जो सांधा दिसतो, त्याला पुष्कळ जण गुडघा समजतात. तो खरं तर घोटा, आणि ते टोक म्हणजे टाच. गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कातड्याच्या घडीजवळ असतो. तिथं मांडीचं हाड नडगीच्या हाडावर टेकतं, आणि नडगीचा तो माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो, साधारण २५ अंशांनी. चोर्ल्याच्या घाटात भरलेली बैलगाडी चढावर उभी आहे आणि मागं घसरू नये म्हणून पुढच्या झाडाला दोरानं बांधली आहे, असं समजा. गाडी म्हणजे मांडीचं हाड, दोर म्हणजे लिगामेंट. वाघ्यानं पाऊल टेकलं की गाडी मागं ओढ घेते आणि दोर ताणतो, दिवसातून हजारो वेळा. दोर तुटला की प्रत्येक पावलाला गाडी घसरते, आणि दोन हाडांच्या मधे जी कुर्चेची गादी असते, मिनिस्कस म्हणतात ती, चाकाखाली सापडावी तशी चिरडते. काही कुत्र्यांच्या चालण्यात टिक् टिक् असा आवाज येतो तो बहुधा या फाटलेल्या गादीचा.

ऑपरेशनच्या आधी निदानाबद्दल बोलू. लिगामेंट तुटलंय हे एक्स-रेत दिसत नाही, ते हातानं कळतं. डॉक्टर एका हातात मांडीचं हाड आणि दुसऱ्या हातात नडगी धरून नडगी पुढं ओढून पाहतात. टेबलाचा खण बाहेर यावा तशी ती सरकली, तर दोर गेलेला आहे. पण ४१ किलोचा घाबरलेला कुत्रा मांडी दगडासारखी ताठ करतो आणि मग काहीच हलत नाही. अर्धवट तुटलेलं लिगामेंट तर गुडघा वाकवल्यावरच हलतं. म्हणून ही तपासणी थोडी गुंगी देऊन केली तरच भरवशाची होते. तशी झाली होती का, हे विचारा. एक्स-रे तरीही हवाच, समोरून एक आणि बाजूनं एक. सांध्यात पाणी भरलंय का, संधिवात किती झालाय, आणि मुख्य म्हणजे दुसरं काही नाही ना, हे त्यातून कळतं.

त्या 'दुसरं काही'बद्दल मला कळकळीनं सांगायचंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या कुत्र्याला मी दोन महिने लंगडण्याची औषधं देत राहिले. मालकाला एक्स-रेचा खर्च नको होता आणि मीही आग्रह धरला नाही. शेवटी काढला तेव्हा गुडघ्याजवळच्या हाडात कर्करोग निघाला. त्या कुत्र्याचे दोन महिने वेदनेत गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. तेव्हापासून मोठ्या चणीच्या, वय झालेल्या कुत्र्याचा लंगडा पाय मी एक्स-रे पाहिल्याशिवाय हातावेगळा करत नाही. वाघ्याच्या फाईलमध्ये दोन्ही बाजूंचे एक्स-रे आहेत का, ते आज रात्रीच पाहा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे गोचीड. खानापूरच्या रानाकडेला राहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड नसेल तर नवल. गोचीड तापानंही सांधे सुजतात आणि कुत्रा लंगडतो, आज हा पाय, उद्या तो. वाघ्याचा एकच पाय दोन महिने धरलाय, म्हणजे त्याचं दुखणं गुडघ्याचंच दिसतं. तरी रक्त तपासल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका. या तापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि कुत्र्याला तो झालाय हे वरून कधी कधी कळतही नाही. तशा अवस्थेत टेबलावर घेतलं तर रक्तस्राव थांबवणं कठीण जातं.

सासूबाईंच्या मनीकडे येते, कारण त्यांचं म्हणणं अनुभवातून आलंय. मांजराच्या गुडघ्यातही हेच लिगामेंट असतं. पण त्याचं बहुतेक वेळा पडण्या-धडकण्यानं तुटतं. मांजराचा भार तीन-चार किलोंचा. गाडी हलकी असली तर चाकाखाली दगडाची उटी पुरते. काही आठवडे खोलीत कोंडून ठेवलं, उड्या बंद केल्या, की सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन गुडघा बऱ्यापैकी घट्ट होतो आणि मांजर पुन्हा चुलीजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसतं. मनीचं असंच झालं असेल, किंवा नुसती मुरगळ असेल. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: उंचावरून पडून गुडघा सगळ्याच बाजूंनी खुळखुळा झाला असेल, किंवा पाच-सहा आठवड्यांनंतरही पाय टेकत नसेल, तर त्यालाही ऑपरेशन लागू शकतं. आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एक गोळीसुद्धा जीव घेते.

वाघ्याचा भार मनीच्या दहापट आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन न करता सांभाळलेल्या कुत्र्यांची नोंद आहे. १५ किलोंच्या आतल्या शंभरातले सुमारे ८५ कुत्रे सहा महिन्यांत बरे झाले किंवा सुधारले. त्याहून जड कुत्र्यांत हा आकडा १९ होता. म्हणून 'बांधून ठेवा, बरा होईल' हा सल्ला तुमच्या भावकीत कुणाच्या पॉमेरेनियनला दिला असता, तर मीही मान हलवली असती. (पॉमेरेनियन लंगडत असेल तर आधी त्याची गुडघ्याची वाटी सरकतेय का ते बघायचं, त्या जातीत ते फार असतं.) वाघ्याच्या बाबतीत मात्र ऑपरेशन हाच चांगला मार्ग आहे, असं माझं मत आहे.

कुठलं ऑपरेशन, हे आता पाहू. एक प्रकार नवा दोर बांधण्याचा. सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा मांडीच्या हाडामागून नडगीला ओवतात. यात हाड कापावं लागत नाही, खर्च कमी येतो. लहान कुत्र्यांना हे छान मानवतं. जड कुत्र्यात धागा सैल होण्याची किंवा तुटण्याची भीती जास्त असते. दुसरा प्रकार बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेला, टीपीएलओ. अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी १९९३ साली तो मांडला. त्यांचा विचार असा की दोर पुन्हा पुन्हा तुटणार असेल तर रस्त्याचा चढच काढून टाकावा. नडगीचा माथा गोलाकार करवतीनं कापतात, तो फिरवून उतार पाच अंशांच्या आसपास आणतात आणि प्लेट-स्क्रूनं पक्का करतात. मग गाडी घसरायचं कारणच उरत नाही. टीटीए नावाचा तिसरा प्रकार आहे, त्यात नडगीचं पुढचं टोक पुढं सरकवतात. ४० किलोंच्या कुत्र्यासाठी बेळगावच्या डॉक्टरांनी हाड कापायचं सुचवलं, ते योग्यच आहे. ऑपरेशन कुठलंही असो, सर्जननं सांधा आतून पाहून गादी फाटली आहे का हे तपासायला हवं. ते राहून गेलं तर पाय दुरुस्त होऊनही कुत्रा लंगडतच राहतो.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला मी पाषाणहृदयी म्हणणार नाही. उसाचं बिल अडकलेल्या घरात लाख रुपये म्हणजे काय, हे मला माहीत आहे. पण 'लाख रुपये की काहीच नाही' असं दोनच टोकांत ते मांडलं गेलंय, तिथं मी थांबेन. कोल्हापूर आणि हुबळी तुम्हाला जवळ आहेत. तिथल्या दवाखान्यांत हे ऑपरेशन करणारे सर्जन आहेत का आणि किती खर्च येतो, ते फोनवर विचारता येईल. पुण्याच्या वाटेवर, याच हायवेला, शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालयाच्या दवाखान्यात खर्च सहसा खासगीपेक्षा कमी असतो. तुमचा मुलगा पुण्यात आहे, त्याला शिरवळ तासा-दीड तासाचं. वाघ्याला घरी त्यानंच आणलं होतं, हे त्याला प्रेमानं आठवून द्या. चौकशी, पहिली भेट आणि खर्चातला वाटा त्याच्याकडे सोपवा. सगळं एकट्या तुमच्या डोक्यावर कशाला? दोर बांधायचं स्वस्त ऑपरेशनही, वाघ्याचं वजन उतरवून, त्याचे धोके समजून घेऊन करता येतं. जड कुत्र्यांतही त्यानं चालणं सुधारतं.

पैशाइतकाच, कदाचित त्याहून मोठा प्रश्न पत्रात कुणीच विचारलेला नाही. ऑपरेशननंतर वाघ्याकडे बघणार कोण? हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस मोकळं फिरणं, जिना, उडी, माकडं सगळं बंद. लघवी-संडासला दोरीनं बांधून, पोटाखालून टॉवेलचा आधार देऊन न्यायचं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ती प्लॅस्टिकची टोपली. मग दिवसातून दोनदा पाच मिनिटं चालणं, आठवड्यागणिक थोडं वाढवायचं. आठव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एक्स-रे. ऑपरेशन उत्तम झालं आणि तिसऱ्या आठवड्यात कुत्रा मांजरामागे धावला, प्लेट वाकली, असं मी पाहिलंय. सुगीच्या धांदलीत तारीख घेऊ नका. थोडी उशिराची तारीख चालेल, पण त्या वेळी घरात एक माणूस मोकळं हवं.

तोवरचे दिवस फुकट घालवायचे नाहीत, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं औषध तुमच्या हातात आहे. नर लॅब्राडॉरचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. वाघ्या ४१ आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडॉरना पिल्लूपणापासून मरेपर्यंत पाहिलं होतं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणं उशिरा सुरू झालं. वाघ्याला आठवड्याला ४०० ग्रॅम उतरवा, त्याहून घाई नको. या चालीनं पाच महिन्यांत आठ किलो जातात. तुमच्या घरी वाढतं कोण, हे मी ओळखू शकते. सासूबाई भाकरीचा शेवटचा तुकडा देतात, यजमान चहातली बिस्किटं, आणि तुम्ही दूधभात. प्रत्येकाला वाटतं, आपण थोडंच दिलं. दिवसाचं सगळं सकाळी एका डब्यात काढून ठेवा. ज्याला द्यायचंय त्यानं त्यातलंच द्यावं. दूध, तूप, भात कमी, त्याजागी उकडलेला दुधी, गाजर, अंडं. वजन गावातल्या धान्याच्या दुकानात काट्यावर करा, दर रविवारी, आणि कॅलेंडरवर लिहा. सासूबाईंना हे काम द्या. त्या लिहितील, आणि लिहायला लागल्या की तुकडाही कमी होईल.

फरशीवर वाघ्याच्या येण्याजाण्याच्या वाटेनं गोणपाट किंवा जुनं घोंगडं अंथरा. तळव्यातले वाढलेले केस कापा, नखं कापा. ओल्या शहाबादीवर त्याला आता सोडायचं नाही.

हाडवैद्याकडे नेऊ नका, ताई. हाड सरकलेलं नाही, दोर तुटलाय. ओढून-बसवून तो जुळत नाही, उलट उरलीसुरली गादी फाटते. प्लास्टर किंवा घट्ट पट्टीचाही या दुखण्यात उपयोग नाही. आत जखमा होतात आणि मांडी आणखी वाळते.

गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचं नाव मात्र विचारून घ्या. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. दुखणं कमी करणं हे पहिलं काम होतं, ते त्यांनी केलं. पण ते स्टेरॉइड असेल, आणि वरून दुसऱ्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या असतील, तर दोन्ही मिळून आतड्याला जखमा करतात. दोघांची औषधं एकमेकांना कळायलाच हवीत. आणि घरातली माणसांची गोळी, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, दया येऊनसुद्धा देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती सहन होत नाही. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधं कुत्र्यांना देतात, तीसुद्धा त्याच्या वजनावर मात्रा ठरवून, रक्ततपासणीनंतर आणि जेवणाबरोबर.

सगळं करूनही ऑपरेशन जमलंच नाही, तर वाघ्याला कमी वजन, दोरीवरचं रोजचं थोडं चालणं, नियमित औषध आणि मऊ अंथरूण यांवर जगवता येईल. तो लंगडेल, संधिवात वाढेल, पण शेपूट हलवत तुमच्या पायाशी बसेल. तसा निर्णय घेतलात तर त्यातही गुन्हा नाही. पाय टेकणं पूर्ण बंद झालं, खाणं सुटलं किंवा रात्रभर कण्हायला लागला, तर मात्र तो निर्णय पुन्हा तपासावा लागेल.

पुढच्या भेटीत बेळगावच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, 'सर, मला नीट कळलं नव्हतं, कागदावर काढून दाखवा.' कानडीत जमत नसेल तर मराठीत म्हणा. बेळगावातल्या दवाखान्यात मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच. आजवर किती जड कुत्र्यांवर हे ऑपरेशन केलंत, गादी पाहणार का, काही बिघडलं तर पुन्हा उघडायचा खर्च कुणाचा, हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. सोबत जुने एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि सासूबाईंचं वजनाचं कॅलेंडरही न्या. त्या सकाळी वाघ्याला खायला घालू नका, तपासायला गुंगी द्यावी लागेल. पाणी कधी बंद करायचं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.